आकडे मंत्रालयाचे, घागर गावाची

आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपले जुने लोक म्हणत. ही म्हण खोटी पाडण्याचा विडा उचललेली एक मंडळी आता सरकारदरबारी चांगलीच रुळली आहे. आड कोरडा असला तरी पोहरा भरलेला दिसला पाहिजे, आणि तो भरलेला पोहरा दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर आला पाहिजे, एवढेच त्यांचे काम. कोणी स्वीय सहायक असतो, कोणी विशेष कार्य अधिकारी, कोणी माध्यम सल्लागार. यांना कोणी मत दिलेले नसते. गावात यांचा फलक लागत नाही, सत्कार होत नाही. मंत्रिमहोदय व्यासपीठावर बोलतात तेव्हा हे गृहस्थ मागच्या खुर्चीत मोबाईलवर बोट फिरवत बसलेले असतात. पण मंत्र्यांच्या तोंडचे वाक्य, त्यातला आकडा, फोटोत कोणता शेतकरी उभा करायचा आणि बातमी कोणत्या दिवशी सोडायची, हे बहुतेक वेळा त्यांनीच ठरवलेले असते.

यात गैर काय, असे कोणी विचारील. सरकारने योजना काढली तर ती लोकांना सांगायला नको का? जरूर सांगावी. पीकविम्याची शेवटची तारीख कळली नाही म्हणून हात चोळत बसलेले शेतकरी आम्ही दरवर्षी पाहतो. अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात, हे घरोघर पोचवणारा अधिकारी आम्हाला हवाच आहे. तक्रार त्याच्याबद्दल नाही. माहिती द्यायची सोडून माल खपवायला लागणाऱ्यांबद्दल आहे. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती खोटी छापली तर दुकानदाराला जाब विचारता येतो. योजनेच्या पिशवीवर खोटी उगवणशक्ती छापणाऱ्याला मात्र कोणी विचारीत नाही, कारण छापणारा कोण हेच कळत नाही.

ही विद्या विलायतेत आपल्यापेक्षा जुनी आहे. तिथली एक गोष्ट आपल्या शेतकऱ्याला चटकन समजेल, कारण ती लाळ-खुरकताची आहे.

फेब्रुवारी २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ-खुरकताची साथ आली. आपल्याकडे ही साथ आली की लस टोचतात, तोंड आणि खूर औषधाच्या पाण्याने धुतात, महिनाभर दूध आटते, पण बहुतेक थोरले जनावर उठून उभे राहते. तिथल्या सरकारने दुसरी वाट धरली. रोग सापडलेल्या गोठ्यातली जनावरे २४ तासांत मारायची आणि त्याला लागून असलेल्या शेतांवरची निरोगी जनावरेही ४८ तासांत मारायची. २०२६ ठिकाणी रोग सापडला आणि साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. गावोगाव जनावरांच्या चिता पेटल्या. ज्याच्या दावणीला पिढ्यान्‌पिढ्या गुरे बांधली त्याला रिकामी दावण बघताना काय वाटते, हे आपल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

साथ सुरू होऊन तीन आठवडे होतात न होतात तोच, ११ मार्चला, तिथल्या कृषिमंत्र्यांनी साथ आटोक्यात असल्याची ग्वाही दिली. पुढच्या पंधरवड्यात ती वाढतच गेली. तिकडे निवडणूकही तोंडावर आली होती. ३ मे हा दिवस धरलेला होता, तो पुढे ढकलून ७ जून करावा लागला.

अशात एप्रिलच्या अखेरीस डेव्हन परगण्यातल्या एका शेतावर एक नवल घडले. शेजारी रोग निघाला म्हणून या शेतावरची गुरे मारली होती. पाच दिवसांनी माणसे कलेवरे हलवायला आली, तर मेलेल्या आईशेजारी एक पांढरे वासरू जिवंत सापडले. जेमतेम दोन आठवड्यांचे. त्याचे नाव पडले फिनिक्स, राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे. नियमाप्रमाणे त्यालाही मारायला हवे होते. मालकांनी नकार दिला. वासराचा फोटो देशभरच्या पेपरांत झळकला आणि सारा देश त्या वासरासाठी हळहळू लागला.

इतकी गुरे मारताना जे धोरण हलले नव्हते ते एका फोटोने हलले. २५ एप्रिलच्या संध्याकाळी, टीव्हीच्या बातम्या गाठता येतील अशा वेळेला, पंतप्रधानांच्या कचेरीतून बातमी सुटली की शेजारच्या शेतांवरची निरोगी गुरे सरसकट मारण्याचा नियम सैल होणार आणि फिनिक्स वाचणार. खात्याच्या मंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये ही घोषणा केली ती दुसऱ्या दिवशी. आधी बातमी, मग धोरण! पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचे माध्यमप्रमुख तेव्हा अॅलिस्टर कॅम्पबेल होते. हे गृहस्थ मूळचे पत्रकार. कोणता फोटो वाचकाच्या काळजाला भिडतो हे त्यांना ठाऊक असणारच. सरकारचे म्हणणे असे की फेरविचार आधीपासूनच चालू होता. असेलही. साथ तोवर उतरणीला लागली होती, हेही खरे. पण शेतकऱ्यांच्या मनात एक प्रश्न राहिला तो राहिलाच. हे शास्त्र होते तर एका वासराने ते बदलले कसे? आणि शास्त्र नव्हते तर आमची गुरे मारली कशाला?

त्याच वर्षी ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर विमाने आदळली. तासाभराच्या आत लंडनमध्ये वाहतूक आणि स्थानिक शासन खात्याच्या मंत्र्यांच्या सल्लागार बाई जो मूर यांनी सहकाऱ्यांना एक निरोप धाडला. दाबून टाकायच्या बातम्या सोडायला आजचा दिवस फार चांगला, असा त्याचा आशय होता. उदाहरण म्हणून त्यांना काय सुचले, तर नगरसेवकांच्या भत्त्यांचा विषय! ऑक्टोबरमध्ये हे उघडकीस आले, बरीच छी-थू झाली, आणि अखेर फेब्रुवारी २००२ मध्ये बाईंना जावे लागले. हजारो माणसे मेली त्या घटकेला भत्त्यांची बातमी कुठे दडवावी हे ज्याच्या मनात येते, तो माणूस वाईटच असतो असे नाही. त्या कामाची सवयच तशी लागते. प्रत्येक घटनेकडे ‘आपल्याला याचा काय उपयोग’ एवढ्याच नजरेने बघायची सवय.

विलायतेची गोष्ट झाली. आता आपल्या शिवारात या.

५ डिसेंबर २०१४ च्या शासन निर्णयाने राज्यात जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. त्या निर्णयाच्या शीर्षकात शब्द होते ‘टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९’. दरवर्षी पाच हजार गावे घ्यायची असे ठरले. योजनेमागचा विचार चांगला होता हे आम्ही तेव्हाही लिहिले आणि आजही म्हणतो. नाले खोल झाले, जुन्या तलावांतला गाळ निघाला, काही गावांत लोकांनी स्वतः पदरमोड केली, आणि अशा गावांत विहिरींना पाणीही वाढले. पण भाषणांच्या आणि जाहिरातींच्या वाटेवर ‘टंचाईमुक्त’चे ‘दुष्काळमुक्त’ कधी झाले ते कोणाच्याच ध्यानात आले नाही. या दोन शब्दांत केवढे अंतर आहे! टंचाई नाही म्हणजे पिण्याच्या पाण्याला टँकर लागत नाही. दुष्काळ नाही म्हणजे पाऊस दगा देऊन गेला तरी पीक तगते, गुरांना चारा मिळतो, माणूस गाव सोडून जात नाही. पहिल्या गोष्टीचे काम करून दुसऱ्या गोष्टीची पाटी गावच्या वेशीवर लावली गेली.

१९ ऑक्टोबर २०१८ रोजी शिर्डीला पंतप्रधानांची सभा झाली. जलयुक्त शिवारमुळे महाराष्ट्रातली १६ हजार गावे दुष्काळमुक्त झाली आणि आणखी ९ हजार गावांत काम चालू आहे, असे त्यांनी त्या सभेत सांगितले. हा आकडा पंतप्रधानांनी स्वतः मोजलेला नाही हे उघड आहे. गावाकडून तालुक्याला, तालुक्याकडून जिल्ह्याला, तिथून मंत्रालयात आणि मंत्रालयातून भाषणाच्या कागदावर तो चढत गेला. चढताना प्रत्येक पायरीवर ‘कामे पूर्ण झाली’ याचा अर्थ ‘पाणी आले’ असा होत गेला. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, २३ ऑक्टोबरला, राज्य सरकारने १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर केली. ३१ ऑक्टोबरला १५१ तालुक्यांत रीतसर दुष्काळ जाहीर झाला, त्यातल्या ११२ तालुक्यांत गंभीर. एकाच महिन्यात, एकाच राज्यात, आणि कित्येक पेपरांच्या एकाच फाईलमध्ये या तीनही बातम्या चिकटवलेल्या सापडतील. पाऊस कमी झाला होता हे खरेच. पण पाऊस कमी झाल्यावर जो येतो त्यालाच तर दुष्काळ म्हणतात! तो आला की ज्याचे अवसान गळते त्या गावाला दुष्काळमुक्त म्हणणे म्हणजे ऊन असेपर्यंत छप्पर गळत नाही म्हणून घरमालकाला शाबासकी देण्यासारखे आहे.

पुढे सप्टेंबर २०२० मध्ये भारताच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळात आला. ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही गावांचा पाण्याचा ताळेबंद जुळवण्यावर आणि भूजल वाढवण्यावर योजनेचा फारसा परिणाम दिसला नाही, असा ठपका त्यात होता. तपासलेल्या १२० गावांपैकी ८३ गावांत पिण्याला आणि शेतीला लागेल एवढा साठाच तयार झाला नव्हता. तोवर मुंबईतले सरकार बदलले होते. मग दुसऱ्या बाजूचे सल्लागार कामाला लागले. ज्यांनी काल ‘दुष्काळमुक्त’ छापून आणले होते त्यांच्या जागी बसलेल्यांनी ‘घोटाळा’ छापून आणले. त्या ८३ गावांच्या पाण्याचे आता काय करायचे, यावर दोन्हीकडच्या प्रेसनोटांत अवाक्षर नव्हते. पुन्हा सत्ता फिरली, आणि जानेवारी २०२३ पासून जलयुक्त शिवारचा दुसरा टप्पा आला. गावाची घागर होती तिथेच.

ही विद्या एकाच पक्षाची मिरासदारी आहे असे कोणी समजू नये. त्याआधीच्या राजवटीत राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत एक आकडा निघाला. २०००-०१ मध्ये पिकाखालच्या क्षेत्रातले १७.८ टक्के ओलिताखाली होते, ते २००९-१० मध्ये १७.९ टक्के झाले. दहा वर्षांत एक दशांश टक्का! धरणांवर हजारो कोटी गेले होते, म्हणून गदारोळ उठला. नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने सिंचनाची श्वेतपत्रिका काढली, आणि तिच्यात सिंचन ५.१७ टक्क्यांनी वाढल्याचे निघाले. शेतकरी चक्रावून गेला. त्या सगळ्या वादात एक शब्द सारखा वापरला जात होता, ‘सिंचनक्षमता’. धरण बांधले, कालवा कागदावर आखला की ‘क्षमता’ तयार होते. पाणी शेतात पोचले तर ते ‘सिंचन’. ज्याच्या बांधापर्यंत चारीच खोदली गेली नाही त्याचे शिवार क्षमतेत धरलेले असते. क्षमतेवर ऊस उभा राहत नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

शब्दांची ही हातचलाखी नुसती पुस्तकी राहत नाही. तिचे पैसे गावाला मोजावे लागतात. दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट मिळते, सहकारी कर्जाचे पुनर्गठन होते, शेतीकर्जाची वसुली थांबते, कृषिपंपाच्या बिलात ३३.५ टक्के सवलत मिळते, पोरांची परीक्षा फी माफ होते, रोजगार हमीचे निकष सैल होतात. म्हणजे ‘दुष्काळ’ हा तीन अक्षरी शब्द एखाद्या घराला काही हजारांचा पडतो. म्हणून तो उच्चारताना सरकारची जीभ अडखळते आणि ‘टंचाई’, ‘दुष्काळसदृश’ अशी गोंडस नावे निघतात. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हा प्रश्न निघाला तेव्हा कुठे सरकारने सुमारे २९ हजार गावांत दुष्काळ असल्याचे मान्य केले. पाऊस तर आदल्या वर्षीच गेला होता. शब्द यायला मे उजाडला.

चेहरा शोधणे हा या मंडळींचा आणखी एक आवडता उद्योग. विलायतेत वासरू होते, आपल्याकडे लाभार्थी आहे. २०१७ च्या अखेरीस ‘मी लाभार्थी, हे माझं सरकार’ या जाहिराती राज्यभर झळकल्या. हसरा शेतकरी, मागे शेततळे, खाली सरकारचे बोधचिन्ह. मग काही वार्ताहर उठले आणि थेट त्या शेतकऱ्यांच्या वस्तीवर गेले. जाहिरातीत ज्या लाभाचा उल्लेख होता तो आधीच्या सरकारच्या काळातला, अशा बातम्या त्यांनी आणल्या. त्यात शेतकऱ्याचा काडीचा दोष नव्हता. त्याला कोणीतरी फोटोला उभे राहायला सांगितले, तो राहिला. पण बघा, पुण्या-मुंबईत बसून कोणाला हे उलगडले नसते. एसटीने जाऊन, बांधावर उभे राहून, “काका, हे तळं कधी झालं?” एवढे विचारणारा माणूस लागला. सगळ्या विद्येवर उतारा आहे तो हा.

आता थोडे आमच्याबद्दल, कारण दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखवताना आपल्या डोळ्यातले मुसळ झाकता येत नाही. पूर्वी माहिती कार्यालयाचा शिपाई सायकलवर पाकीट आणून देई, मग फॅक्स आला, आता व्हॉट्सअॅपवर मजकूर, मथळा आणि फोटो सारे तयार येते. संध्याकाळी सात वाजता पान लावायचे असते, माणसे कमी असतात, आणि आयता मजकूर समोर असतो. तो जसाच्या तसा छापला जातो. कधी तर वर ‘आमच्या वार्ताहराकडून’ असेही पडते. सरकारी जाहिराती आणि निविदा यांच्यावर जिल्ह्याच्या पेपरचा कागद निघतो, हेही वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. हात आखडता घ्यायला सांगणारे पत्र कोणी पाठवीत नाही. जाहिरात यायची थांबते, एवढेच. मंत्र्यांच्या सल्लागाराला खोटे बोलावे लागत नाही ते यामुळे. पेपरच्या जागेची, वेळेची आणि पैशाची टंचाई त्याला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

मध्यंतरी आमचा वार्ताहर एका गावी गेला होता. गावाच्या वेशीवर जलयुक्तची पाटी, आणि पाटीखाली रिकाम्या घागरींची रांग. पारावरचे एक आजोबा त्याला म्हणाले, “बाळा, पेपरात पाणी आलंय म्हणं. आता तेवढं नळाला कवा येतंय ते बी छाप.” बातमीत हे वाक्य घ्यायचे राहून गेले. आज ते इथे छापतो आहोत, उशिरा का होईना.

मग करायचे काय? सरकारी प्रसिद्धीवर बहिष्कार घालणे शहाणपणाचे नाही, आणि प्रत्येक आकडा खोटाच असे धरून चालणे तर त्याहून वाईट. ज्याचा कशावरच विश्वास उरत नाही तो शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याच्या मागे जातो. आकडा आला की तीन प्रश्न विचारावेत. हा कोणी मोजला? कधी मोजला? आणि यात माझ्या गावाचा आकडा कुठला? तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. हजारो गावांची बेरीज खोडून काढणे एकट्या माणसाच्या आवाक्यातले नाही, पण आपल्या गावाची ओळ खरी की खोटी हे गावातल्या शेंबड्या पोरालाही सांगता येते. भूजल सर्वेक्षण खात्याच्या निरीक्षण विहिरी ठिकठिकाणी आहेत, त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. ती मागावी. गावाचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायला लावावा. आणेवारी पन्नास पैशांच्या वर लागली की खाली, आणि ती कोणत्या शेतावर काढली, हे तलाठ्याला विचारावे. सांगितले नाही तर २००५ सालचा माहितीचा अधिकार आहेच, त्याला दहा रुपयांचे तिकीट लागते.

आम्हीही आमच्यापुरते ठरवले आहे. या पानावर यापुढे सरकारी प्रेसनोट छापली तर ‘शासकीय पत्रकावरून’ असे स्पष्ट लिहिले जाईल. ज्या योजनेचा आकडा छापू, तिच्या निदान एका गावी आमचा माणूस जाऊन येईल, आणि त्याने जे पाहिले ते आकड्याशेजारी छापू. सगळ्या गावांना पोचणे आम्हाला जमणार नाही. तिथे वाचकांनी आमचे वार्ताहर व्हावे. तुमच्या गावाच्या नावापुढे सरकारने काय लिहिले आहे आणि तुमच्या विहिरीत काय आहे, हे पोस्टकार्डावर चार ओळींत कळवले तरी पुरे.

सल्लागार येतील आणि जातील, सरकारे बदलतील, एकच नाला तीन योजनांत तीनदा खोल होईल. आडात पाणी आहे की नाही हे शेवटी दोर सोडणाऱ्यालाच कळते. त्याने बोलायचे मात्र सोडू नये, आणि आम्ही छापायचे सोडू नये.